जावयाची इस्टेट

२०१४ सालची संक्रांत नुकतीच झाली होती. तिळगूळ संपून डब्यात नुसता हलवा उरला होता, अशा बेताला लंडनहून कन्येचा फोन आला, "बाबा, आम्ही इस्टेट घेतली!"

'इस्टेट' हा शब्द आमच्या घराण्यात आजवर फक्त प्रश्नार्थक वाक्यातच आलेला आहे. लहानपणी मी दिवा चालू ठेवून झोपलो किंवा साबण पाण्यात विसरलो, की "बापाची इस्टेट आहे काय?" हा प्रश्न ठरलेला. विचारणारे स्वतः बापच असल्यामुळे उत्तर त्यांना पक्कं ठाऊक असे. तेव्हा आता तिसऱ्या पिढीत, तेही साहेबाच्या देशात, इस्टेट झाली म्हटल्यावर माझे डोळेच भरून आले. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली. मेहुणीने फोनवर "किती एकर?" म्हणून विचारलं, तेव्हा "मोजणी व्हायची आहे," असं मी गंभीरपणे सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. इस्टेटीला चार चाकं होती.

मोटार होती हो! ज्या मोटारीचा टप मध्येच खाली न उतरता थेट शेपटीपर्यंत सरळ जातो, मागे डिक्कीचं झाकण नसून चांगला दरवाजा असतो आणि मागची सीट आडवी केली की आत एक लहानशी खोली तयार होते, तिला इंग्लंडात 'इस्टेट कार' म्हणतात. आपल्याकडे 'स्टेशन वॅगन' म्हणत, तीच ही. जावयाने ती सेकंडहँड घेतली होती. २०११ सालची, डिझेलवर चालणारी. कंपनीचं नाव मी सांगत नाही. जावयाचा आणि तिचा संबंध संपला आहे, उगाच कुणाला नावं कशाला ठेवायची? गाडी घेण्याचं कारण मात्र मंगल होतं. एप्रिलमध्ये कन्येचं बाळंतपण होतं.

मार्चअखेर आम्ही दोघं हीथ्रोला उतरलो. सामान म्हणजे पाच बॅगा. त्यांत डिंक, आळीव, खारीक, खोबरं, जुन्या लुगड्यांच्या चार गोधड्या आणि एक पोळपाट. लंडनात पोळपाट मिळतो हे सौ.ला मान्य नाही. ढकलगाडीवरचा हा डोंगर बघून मला घाम फुटला. जावयाने मात्र शांतपणे मागचं दार उघडलं, सीटची अर्धी बाजू आडवी केली आणि एकेक बॅग आत सरकवली. गाडीने सगळ्या बॅगा गिळल्या आणि ढेकरसुद्धा दिला नाही. वर जावई म्हणतो, "बाबा, अजून काही आहे का?" मी ओशाळून म्हटलं, "मीच राहिलोय."

गाडीचा वेष जरा चमत्कारिक होता. अंगाने ती सरळमार्गी, संसारी, लांबोडकी मोटार. पण जमिनीपासून चार बोटं वर उचललेली. चाकांच्या कमानींभोवती काळ्या प्लॅस्टिकची झालर, पुढच्या-मागच्या बंपरखाली चंदेरी पत्रा. सदाशिव पेठेतल्या पेन्शनराने गिर्यारोहकाचे बूट घालून मंडईत कोथिंबीर आणायला निघावं, तसं काहीसं. जावई म्हणाला, "याला क्रॉसओव्हर स्टाइलिंग म्हणतात." म्हणजे गाडी डोंगरात जाते का, असं मी विचारलं. "तशी वेळ येत नाही," तो म्हणाला. "पण जाईलसं वाटतं ना?"

बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणसाचं काम नसतं. नात झाल्यावर पहिले पंधरा दिवस मी ज्या खोलीत जाईन तिथून मला "जरा बाजूला व्हा" असं सांगण्यात येई. शेवटी मी हॅरोच्या वाचनालयात जाऊन बसायला लागलो. तिथे मोटारींच्या इतिहासाची पुस्तकं रचून ठेवलेली होती. निवृत्त माणसाला इतिहास आणि फुकटची खुर्ची एकदम मिळाली, की तो विद्वान होतो. पुढची विद्वत्ता तिथली आहे.

या गाडीचा मूळपुरुष म्हणजे आपला टांगा. नावावरूनच बघा: स्टेशन वॅगन. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांना त्यांच्या ट्रंकांसकट हॉटेलात नेण्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी पेटारा चढवीत. फोर्डच्या 'मॉडेल टी'वर असे पेटारे बसवून देणारे सुतार गावोगाव होते. १९२९ साली फोर्डने 'मॉडेल ए'वर स्वतःच अशी गाडी विकायला काढली. लाकूड मिशिगनमधल्या त्यांच्या स्वतःच्या जंगलातलं. म्हणजे जन्माने ही हमालाची जात. पाहुणे गेले, की तिला कुणी विचारत नसे.

इंग्लंडात मात्र हिचं नशीब उघडलं. तिथल्या जमीनदारांना शिकारीला जाताना बंदुका, कुत्रे, मित्र आणि संध्याकाळी मेलेले पक्षी असा चार तऱ्हेचा माल न्यावा लागे. त्यासाठी घोड्यांची 'शूटिंग ब्रेक' नावाची गाडी होती. 'ब्रेक' हा मुळात नव्या घोड्यांना वळण लावायचा सांगाडा. मोटारी आल्या तेव्हा तेच नाव मोटारीला चिकटलं. आणि जमीनदाराच्या इस्टेटीवर फिरते म्हणून ती इस्टेट कार! हमाली तीच, पण साहेबाच्या वाड्यावरची. आमच्या मेहुणीचा 'किती एकर' हा प्रश्न ऐतिहासिकदृष्ट्या अगदी बरोबर होता, हे मला तिथे कळलं. पुण्याला आल्यावर मी ते तिला मुद्दाम सांगितलं नाही.

पुढे जमीनदारांचे एकर कमी होत गेले आणि नाव तेवढं मध्यमवर्गाकडे आलं. १९५३ साली 'मॉरिस मायनर ट्रॅव्हलर' निघाली. छोटीशी गाडी, पण मागचा अर्धा भाग ॲशच्या लाकडी चौकटीचा. ही चौकट शोभेची नव्हे. गाडीचा मागचा भार तीच पेलते. लाकूड कुजलं, तर वार्षिक तपासणीत गाडी नापास होत असे. इंग्लंडच्या पावसात त्या लाकडावर शेवाळ धरतं. मालक दरवर्षी ते घासून व्हार्निश लावतात. मोटारीला गॅरेजवाल्याबरोबर सुतारही लागावा, याचं मला फार कौतुक वाटलं. १९७१ पर्यंत ती तशीच निघत होती.

आपल्याकडे ही जात रुजली नाही. आपली इस्टेट गाडी म्हणजे फियाटच्या टपावरचा कॅरियर. वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि वेळप्रसंगी लग्नातलं रुखवत वर दोरीने बांधायचं आणि घाटात दर मैलाला मागे वळून बघायचं. १९९२ साली मात्र टाटांनी पुण्यात 'इस्टेट' याच नावाची गाडी काढली. डिझेलचीच. लांबरुंद, खिडक्या बटणावर वरखाली होणाऱ्या. आमच्या गल्लीतल्या एका कंत्राटदाराने ती घेतली, तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती फिरलो. आतून ऐसपैस, बाहेरून रुबाबदार, पण प्रत्येकजण मागे जाऊन एकच विचारी, "आणि डिक्की?" डिक्की नाही म्हटल्यावर माणसं हळहळत. आपल्या मते मोटारीला मागे डिक्की असावीच, जशी माणसाला आडनाव. डिक्की नसलेली गाडी म्हणजे टेम्पो. ज्याने सामान न्यायचं त्याने टेम्पो सांगावा. मोटारीत साहेबाने बसावं. या देशात ओझं वाहणारा आणि बसणारा हे एक असू शकत नाहीत, हे त्या बिचाऱ्या गाडीला कुणी सांगितलं नव्हतं.

आता डिझेल. माझ्या लेखी डिझेल म्हणजे मामाच्या मळ्यातलं किर्लोस्करांचं इंजिन. ठक् ठक् ठक् करीत विहिरीचं पाणी उपसायचं आणि धुराच्या वर्तुळांची माळ आकाशात सोडायचं. पण हे ज्याचं नाव, तो रुडॉल्फ डिझेल मोठा सरळ माणूस. जन्म १८५८, पॅरिसचा. सायकलच्या पंपात हवा दाबली, की पंप गरम होतो, हे आपण सगळ्यांनी बोट भाजून अनुभवलेलं आहे. याने त्यावर इंजिन बांधलं. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, मग त्यात तेल फवारायचं. ठिणगीची गरजच नाही. १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचं इंजिन तपासलं, तेव्हा जळणातला शंभरातला सव्वीस भाग कामी आला. त्या काळी वाफेची इंजिनं साधारण दहावर समाधान मानीत. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे वाचून मी घरी आलो आणि फोडणीच्या वासात उभा राहून सौ.ला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग त्यात मोहरी कधी टाकायची?"

डिझेलसाहेबांचा शेवट चटका लावणारा. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला येणाऱ्या बोटीवर जेवून ते आपल्या खोलीत गेले, ते सकाळी कुणाला दिसलेच नाहीत. त्यांचं शव पुढे समुद्रात मिळालं. इंग्लंडला पोचायचं राहूनच गेलं. त्यांचं इंजिन मात्र पोचलं आणि फार उशिरा त्याच्यावर तिथे खटला भरला गेला. तो पुढे येतोच.

घरगुती मोटारीत हे इंजिन १९३६ साली मर्सिडीझने '२६० डी'मध्ये घातलं. चार सिलिंडर, पंचेचाळीस घोडे. घेतली कुणी, तर टॅक्सीवाल्यांनी. पुढे फ्रेंचांनी ते संसारात आणलं. प्यूजोच्या लांबलचक '५०४' इस्टेटी आफ्रिकेत गावोगावच्या टॅक्सी झाल्या. टपावर शेळ्या, आत मोजता येणार नाहीत इतकी माणसं. आपला वडाप काही एकटा नाही! १९८९ साली ऑडीने अशी एक डिझेल मोटार काढली, की जी पळतेही आणि पितेही कमी. मग मात्र युरोपातला मध्यमवर्ग डिझेलवर लट्टू झाला.

राहता राहिले ते गिर्यारोहकाचे बूट. ते अमेरिकेत शिवले गेले. १९७९ साली अमेरिकन मोटर्सने आपल्या साध्या गाड्या उचलून, चारी चाकांना जोर देऊन 'ईगल' काढली. तेव्हा जग हसलं. १९९४ साली जपानच्या सुबारूने तेच केलं. अमेरिकेत जो तो जीपवजा उंच गाड्या घेत होता आणि यांच्याकडे तसली गाडीच नव्हती. मग होती ती इस्टेट जरा उचलली, दोन रंगांत रंगवली, 'आउटबॅक' हे ऑस्ट्रेलियाच्या रानाचं नाव दिलं आणि जाहिरातीत 'क्रोकोडाइल डंडी'तला पॉल होगन उभा केला. गाडी धडाधड खपली. मग १९९७ साली व्होल्वो, १९९९ साली ऑडी, २००६ साली स्कोडा, असे एकामागून एक सगळे शिकारी बूट घालून उभे राहिले.

गंमत बघा. शंभर वर्षं ही गाडी एकच काम करते आहे: बायको, पोरं आणि बोचकी यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणं. पण तसं म्हणायची पुरुषाला लाज वाटते. म्हणून कधी ती शिकारीची गाडी, कधी जमीनदाराची, कधी रानावनातली. आमच्या जावयालासुद्धा वाटत होतं, की आपण साहसाला निघालो आहोत. प्रत्यक्षात तो डायपर आणायला निघालेला असे.

"पण डिझेलच का?" मी एकदा विचारलं. जावई इंजिनियर. त्याने लगेच आकड्यांचा तक्ता दाखवला. २००१ सालापासून इंग्लंडात मोटारीवरचा वार्षिक कर तिच्यातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्यावर ठरू लागला. डिझेलचा तो कमी. मग काय! २००० साली नव्या मोटारींत शंभरातल्या चौदा डिझेलच्या होत्या, त्या २०११ साली निम्म्याहून अधिक झाल्या. "म्हणजे बाबा, पृथ्वीही वाचते आणि पैसेही," जावई म्हणाला. पुण्यातल्या माणसाला दोन्ही एकदम वाचलेलं ऐकून गहिवर येणं साहजिक होतं. मी गाडीच्या पाठीवर थोपटलं.

पण ज्या उष्णतेमुळे डिझेल काटकसरी होतं, त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांत मिसळतात आणि छातीला वाईट असा वायू तयार होतो. शिवाय काजळी असतेच. सरकारने तराजूत एकच धूर घातला होता. दुसरा खालून निघून जात होता. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवागनचं बिंग फुटलं. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागण्याची युक्ती त्यांनी गाडीच्या संगणकातच घातली होती. जगभरात एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्या! आमच्या शाळेत दिपोटी यायचे त्या दिवशी आम्ही असेच वागत असू. फक्त आम्हाला संगणक लागत नसे, छडी पुरे.

२०२३ च्या जुलैत आम्ही पुन्हा हॅरोला गेलो. नात नऊ वर्षांची झाली होती. तिच्या दप्तराच्या बाहेरच्या खणात एक निळा पंप होता. थंडीत आणि धावल्यावर तिला धाप लागते. "सगळ्या वर्गात पाच जणांकडे आहे, आजोबा," ती मला धीर देत म्हणाली.

दिवाणखान्यात एक कागद पडला होता. लंडनने २०१९ साली शहराच्या मध्यभागी एक पट्टा आखला होता: जुन्या धुराच्या गाड्या आत आल्या की रोज साडेबारा पौंड. तो पट्टा २०२१ साली वाढला आणि आता २९ ऑगस्टपासून सगळ्या लंडनभर लागू होणार होता. पेट्रोलच्या बऱ्याच जुन्या गाड्या त्यातून सुटत होत्या. डिझेलची मात्र साधारण २०१५ नंतरची हवी. म्हणजे आमची इस्टेट घरासमोरून नुसती कोपऱ्यापर्यंत नेली, तरी तेराशे रुपये! ज्या गाडीला पृथ्वी वाचवण्याबद्दल करात सूट मिळाली होती, तिलाच आता हवा नासवल्याबद्दल दंड. गाडी तीच, धूरही तोच. बदललं होतं ते आपल्याला कळणं.

गाडी काढायची हे ठरलं. पण कशी? मोडीत दिली तर शहराकडून दोन हजार पौंड. आणि लंडनबाहेर दोन तासांवरच्या एका गावातला गिऱ्हाईक चार हजार द्यायला तयार होता. तिथे पट्टा नव्हता. माझ्यातला हिशेबी माणूस जागा झाला. "अहो जावईबापू, चालती गाडी मोडीत? बॅटरीपासून वायपरपर्यंत सगळं धड आहे. द्या त्या गिऱ्हाइकाला." जावई गप्प. तो दोन दिवस गप्पच होता.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने एका मुलीची गोष्ट सांगितली. दक्षिण लंडनमधल्या लुइशमची एला. हमरस्त्याजवळ राहायची. दम्याने २०१३ साली गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने निकाल दिला, की या मृत्यूला हवेतलं प्रदूषणही कारण झालं. त्या देशात मृत्यूच्या कारणात अशी नोंद होण्याची ती पहिलीच वेळ.

"किती वर्षांची होती?" सौ.ने विचारलं.

"नऊ," जावई म्हणाला.

कुणीच काही बोललं नाही. नात वरणभात चिवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आजोबा, त्या दुसऱ्या गावात शाळा नाहीये का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी आयुष्यभर खतावण्या जुळवल्या; दोन हजारांची तूट कुठल्या खात्यात टाकायची, हे मला क्षणात सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही. "आहे," म्हटलं आणि ताक मागितलं.

गाडी मोडीत गेली. नेणारा यायच्या आदल्या दिवशी आम्ही ती रिकामी केली. नऊ वर्षांत तिने पाळणा वाहिला, बाबागाडी वाहिली, तीनदा घर हलवलं, गणपतीची मूर्ती मांडीवरच्या मुलासारखी जपून आणली. डोंगर मात्र शेवटपर्यंत चढली नाही. काळी झालर अगदी कोरी होती. मागच्या फळीखाली जादा चाकाच्या खोबणीत हात घातला, तर काहीतरी कडक लागलं. खारीक! २०१४ सालच्या बॅगेतून निसटलेली. मी ती कुणाला न दाखवता खिशात टाकली.

आता त्यांच्याकडे पेट्रोल आणि वीज असा दुहेरी संसार करणारी एक चिमुकली गाडी आहे. तिच्यात दोनच बॅगा मावतात. परतताना उरलेल्या घेऊन आम्ही बसने विमानतळावर गेलो. नात बरोबर आली होती. बस पकडायला आम्ही धावलो, तेव्हा धाप मला लागली. ती मागे वळून "चला ना, आजोबा!" म्हणत होती. आता हे गाडी गेल्यामुळे, असं म्हणण्याइतका मी वेडा नाही. एका गाडीने लंडनची हवा सुधारत नसते. पण त्या क्षणी ते दोन हजार कुठल्या खात्यात टाकायचे, ते मला समजलं.

पुण्याला आल्यावर मेहुणीचा पहिला प्रश्न, "काय म्हणते जावयाची इस्टेट?"

"मोडीत काढली."

"अगबाई! सगळी? किती एकर होती म्हणाला होतात?"

मी खिशातली खारीक चाचपली. आमच्या घराण्यातली इस्टेट म्हणाल, तर सध्या तेवढीच आहे.